पिंक फ्लॉइड पहिल्यांदाच ऐकताय? या चुका टाळा

“मामा, गाणं डाउनलोड होताना बिघडलंय. आवाजच येत नाही.”

भाच्याचा हा मेसेज आला तेव्हा तो पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आयुष्यात पहिल्यांदा लावून बसला होता. मी लिहिलं, “आवाज वाढवू नकोस, थांब जरा.” तोवर त्यानं आवाज पार वर नेऊन ठेवला होता. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ते ठोके इतक्या लांबून येतात की पहिले काही क्षण काहीच वाजत नाहीये असं वाटतं. मिनिटाभरानं आलेल्या किंकाळीला पोरानं आवाज थोडा खाली घेतला, पण पुरेसा नाही. आठव्या मिनिटाच्या सुमारास ‘टाइम’ सुरू झालं, म्हणजे खोलीभर घड्याळांचे गजर एकदम वाजले, आणि दुसरा मेसेज आला: “मामा!!! कान गेले!”

ती घड्याळं खरी आहेत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतला ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यानं ती जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, तीही चार स्पीकरांच्या क्वाड्रोफोनिक तंत्राचं प्रात्यक्षिक म्हणून. बँडला ती या गाण्यासाठी आवडली. म्हणजे माझ्या भाच्याला दचकवायची तयारी १९७२-७३ मध्येच झाली होती.

पिंक फ्लॉइडकडे नव्यानं वळलेल्यांच्या तक्रारी मी बरीच वर्षं ऐकतोय. सुरूच होत नाही, फार लांबवतात, मध्येच तुटतं, मध्येच कुणीतरी बोलतं, आणि यातला पिंक नेमका कोण? बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण गाणं ऐकायला बसतो आणि या लोकांनी ऐन भरात असताना एल.पी.ची बाजू हे माप धरून काम केलं. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू, मग उठून तबकडी पलटायची, मग दुसरी. हे माप डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. उरलेल्या निम्म्या तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहेत.

शफल बंद करा, मग पुढचं बोलू

या बाबतीत माझी चूक भाच्यापेक्षा लाजिरवाणी आहे. ‘द वॉल’ मला पहिल्यांदा मिळाला तो मित्रानं त्याच्या सीडीवरून उतरवून दिलेल्या एका फोल्डरमध्ये. फाइलींच्या नावांतून गाण्यांचे क्रमांक उडाले होते, त्यामुळे प्लेअरनं सगळी २६ गाणी इंग्रजी वर्णक्रमानं लावली. सुरुवातीला ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चे तिन्ही भाग रांगेनं, पाचव्या नंबरावर ‘कम्फर्टेब्ली नम’, शेवट ‘यंग लस्ट’वर. जवळजवळ दोन वर्षं मी हाच अल्बम समजून ऐकला. त्यात नायक ‘गुडबाय क्रूएल वर्ल्ड’ म्हणत जगाचा निरोप आधी घ्यायचा आणि ‘मदर’मध्ये आईशी नंतर बोलायचा. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्हज’च्या शेवटी ड्रम गडगडत वर चढतात आणि किंकाळी फुटते, तिथून श्रोत्यानं थेट शाळकरी मुलांच्या कोरसच्या त्या प्रसिद्ध गाण्यात जाऊन पडायचं असतं. माझ्याकडे किंकाळीनंतर दोन सेकंद सामसूम, आणि मग ‘द शो मस्ट गो ऑन’ हे मवाळ गाणं. मला वाटायचं, यात काहीतरी फार खोल अर्थ असणार. कुणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण मी दोन वर्षांत या अल्बमवर दोन-चार जणांना भाषणं दिली होती.

तेव्हा पहिलं काम हे. शफल बंद. क्रम जसाच्या तसा. फुकटच्या खात्यावर ॲप शफलच लादत असेल किंवा दर दोन गाण्यांमागे जाहिरात घुसवत असेल, तर या बँडपुरता दुसरा मार्ग शोधा: सीडी, उसनी रेकॉर्ड, बँडच्या अधिकृत व्हिडिओ चॅनेलवरचा अखंड अल्बम, काहीही. ‘टाइम’ संपून ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चा पियानो सुरू होतो त्या सांध्यात जर कुणी येऊन शाम्पू विकू लागलं, तर दोष गाण्याचा नाही.

पूर्ण अल्बमला वेळ नसेल तर मध्येच कुठेही थांबू नका, बाजू संपते तिथे थांबा. ॲपवर बाजू दाखवत नाहीत, म्हणून इथे सांगतो. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू ‘द ग्रेट गिग’पाशी संपते आणि दुसरी ‘मनी’नं सुरू होते. ‘विश यू वेअर हिअर’ची पहिली बाजू ‘वेलकम टू द मशीन’पाशी संपते. ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये ‘डॉग्ज’नंतर थांबायचं. ‘मेडल’ची अख्खी दुसरी बाजू म्हणजे ‘एकोज’ हे एकच गाणं, तेवीस मिनिटांच्या वर. ‘द वॉल’च्या चार बाजू आहेत आणि त्या अनुक्रमे ‘मदर’, ‘गुडबाय क्रूएल वर्ल्ड’, ‘कम्फर्टेब्ली नम’ आणि ‘आउटसाइड द वॉल’ यांवर संपतात. दुसऱ्या बाजूच्या शेवटी भिंत पुरी होते, आणि मग तबकडी बदलायला उठावं लागतं. तेवढी उसंत मुद्दाम घ्या. एका दमात ऐंशी मिनिटं ऐकून “जड आहे बुवा” म्हणणारे पुष्कळ भेटतात.

हे बिघाड नाहीत

पहिल्या ठोक्यांचं सांगून झालं. आवाज त्यापाठोपाठ येणाऱ्या ‘ब्रीद’ या गाण्याच्या गिटारवर बेतून ठेवा आणि सुरुवातीची शांतता सोसा.

‘विश यू वेअर हिअर’ या गाण्याची सुरुवात एखाद्या खरखरत्या जुन्या रेडिओतून आल्यासारखी वाटते. स्पीकर तपासू नका. रेडिओची ती खरखर आणि स्टेशन बदलल्याचे आवाज बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याच्या गाडीतल्या रेडिओवरून टिपलेत आणि बारा तारांच्या गिटारचा आवाज मुद्दाम तसा पातळ केलाय. थोड्या वेळानं त्यावर दुसरी गिटार येते, स्वच्छ, अगदी शेजारी बसून वाजवल्यासारखी. रेडिओवर लागलेल्या गाण्याला कुणीतरी खोलीत बसून साथ करतंय असा तो देखावा आहे. पहिला भाग इक्वलायझर लावून ‘सुधारला’ तर दुसऱ्या गिटारीच्या येण्यात काही उरत नाही.

‘डार्क साइड’मध्ये माणसं मधूनमधून बोलतात, हसतात. दुसरं ॲप चालू राहिलंय का, हे शोधत बसू नका. बँडचा बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स यानं कार्डांवर प्रश्न लिहून ठेवले होते आणि स्टुडिओत सापडेल त्याला माइकसमोर बसवून उत्तरं घेतली होती. तुम्हाला मरणाची भीती वाटते का, शेवटची मारामारी कधी केलीत, असे प्रश्न. शेजारीच काम करणाऱ्या पॉल मॅकार्टनीलाही बसवलं होतं, पण त्याची उत्तरं वापरली नाहीत. वापरली ती दारावरच्या माणसाची, बँडचं सामान हलवणाऱ्या रोडींची. मला यातलं हे फार आवडतं. जगप्रसिद्ध माणूस हुशारीनं बोलला आणि गळला. दारवान सरळ बोलला आणि अजून वाजतोय.

‘द वॉल’ अर्ध्या वाक्यावर सुरू होतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग अल्बमच्या अगदी शेवटी आहे. म्हणजे ही कथा गोल आहे. फाइल कापली गेलेली नाही.

आणि ‘द ग्रेट गिग’चे शब्द शोधत बसू नका. मधूनच येणाऱ्या बोलण्यापलीकडे शब्द नाहीतच. बँडचा कीबोर्डवादक रिक राइट याच्या पियानोवर क्लेअर टॉरी या गायिकेनं जानेवारी १९७३ मध्ये एका रात्रीच्या सत्रात नुसत्या आवाजानं ते गायलं. मानधन ३० पौंड. पुढे २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात राइटसोबत तिचंही नाव छापतात. जुन्या प्रतीवर ते दिसणार नाही.

हे मात्र खरोखरचे बिघाड

‘डार्क साइड’मध्ये दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटत असेल तर ॲपमध्ये ‘गॅपलेस’ (गाण्यांमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू आहे का ते बघा. त्याच पानावर ‘क्रॉसफेड’ असतं, ते शून्यावर आणा. हे दोन्ही एकच समजून क्रॉसफेड वाढवणारे बरेच आहेत. क्रॉसफेडनं एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढते, आणि ‘ब्रेन डॅमेज’मधून ‘एक्लिप्स’मध्ये जाताना जो नेमका पाय पडायला हवा तो घसरतो.

आवाज सारखा ठेवणारी ‘नॉर्मलायझेशन’ची सोय प्रत्येक गाण्याला वेगवेगळी लागू होत असेल तर तीही बंद करा. हळू भाग हळू आणि मोठा भाग मोठा असायला हवा. दोन्ही समपातळीत आणले की घड्याळांचा काय उपयोग?

एकच इअरबड घालून ऐकू नका. दुसरा मित्राला दिला असेल तर मैत्रीसाठी दुसरा बँड निवडा. ‘ऑन द रन’मध्ये पावलं एका कानातून दुसऱ्या कानात पळतात, ‘मनी’मधली नाणी आणि गल्ल्याची घंटी दोन्हीकडे वाटलेली आहे. एकदा एका ओळखीच्या काकांनी महिनाभर ‘डार्क साइड’ ऐकून सांगितलं, “ठीक आहे रे, पण एवढं काय त्यात?” त्यांच्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर ‘मोनो ऑडिओ’ चालू होतं. कधी, कुणी केलं, कुणास ठाऊक. ते बंद केलं आणि ‘मनी’ची सुरुवात लावली. काका काही बोलले नाहीत, फक्त मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळली.

त्या सुरुवातीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तेव्हा संगणक नव्हता. नाणी एका मोठ्या भांड्यात टाकल्याचा आवाज, कागद फाडल्याचा आवाज, गल्ला उघडल्याचा आवाज असे वेगवेगळे टेपवर घेतले. मग पट्टीनं मोजून टेपचे सात सारखे तुकडे कापले, एकमेकांना चिकटवून गोल केला आणि तो फिरवत ठेवला. गाणं सात मात्रांत चालतं ते त्या सात तुकड्यांच्याच चालीवर. रूपक तालाच्या सात मात्रा मोजायची सवय असेल त्यांनी ‘मनी’वर बोटं धरून बघावं, पण खंड वेगळे पडतात हे लक्षात ठेवावं. गिटारचा सोलो येतो तेव्हा मोजणी चुकली असं वाटेल. चुकलेली नाही. तिथे गाणं सरळ चारांत शिरतं आणि सोलो संपला की पुन्हा सातांत येतं.

आता सगळ्यात वरचढ बिघाड, तो म्हणजे भलतीच प्रत. सर्चमध्ये ‘डार्क साइड ऑफ द मून’ टाकलं की २०२३ चा ‘रीडक्स’ही येतो. तो वॉटर्सनं वयाच्या ऐंशीच्या घरात, बाकीच्या बँडशिवाय केलेला आहे. त्यात गिटारचे सोलो नाहीत, खर्जातला आवाज आहे आणि बरंचसं बोलणं आहे. मला तो बरा वाटतो, पण मूळ अल्बम ओळखीचा झाल्यावरच. पहिल्यांदा हाच ऐकून “लोक एका आजोबांच्या पुटपुटण्याला का डोक्यावर घेतात?” असं विचारणारा एक मुलगा मला भेटलाय. तसंच १९९५ च्या ‘पल्स’मध्ये अख्खा ‘डार्क साइड’ आहे, पण मैफलीतला आणि वॉटर्सशिवायचा. ट्रिब्यूट बँडांचे व्हिडिओही खूप फिरतात. वादन इतकं तंतोतंत असतं की नवखा फसतोच. मूळ हवं असेल तर साल बघा: १९७३, लांबी सुमारे ४३ मिनिटं.

‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ यांतही गल्लत होते. रीमास्टरमध्ये तेच मिश्रण घासूनपुसून दिलेलं असतं, त्याला घाबरू नका. रीमिक्समध्ये वाद्यांचं प्रमाणच नव्यानं ठरवतात. ‘अ‍ॅनिमल्स’चं २०१८ साली केलेलं रीमिक्स २०२२ मध्ये आलं आणि ते जुन्यापेक्षा मोकळं, उघडं आहे. माझं मत विचाराल तर ‘अ‍ॅनिमल्स’ जरा कोंदटच बरा. त्या अल्बमला मोकळी हवा मानवत नाही.

पहिल्या अल्बमपासून क्रमानं जाऊ नका

शिस्तीची माणसं ही चूक करतात. १९६७ चा ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ लावतात आणि चक्रावतात, कारण तो जवळजवळ वेगळाच बँड आहे. त्यातली बहुतेक गाणी बँडचा तेव्हाचा म्होरक्या सिड बॅरेट याची. परीकथा, सायकल, मांजर, आणि मध्येच दहा मिनिटांचा वाद्यांचा धुडगूस. गिल्मर अजून आलेलाही नाही. तो १९६७ संपता संपता आला आणि १९६८ च्या वसंतात बॅरेट बाहेर पडला. पुढे तसेच चालत राहिलात तर ‘उमागुमा’ला धडकाल. त्यात दोन तबकड्या आहेत. एक मैफलीची, उत्तम. दुसरीवर चौघांना अर्धी-अर्धी बाजू वाटून दिली आणि ज्यानं त्यानं आपापलं काय ते केलं. खुद्द बँडमधल्यांनाही त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिथे नव्या श्रोत्याचा उत्साह मावळतो आणि तो परत येत नाही.

मी सांगतो तो क्रम असा. ‘डार्क साइड’ आधी. सगळे हेच सांगतात, मलाही काही वेगळं सांगायला आवडलं असतं, पण अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे राहिलेल्या अल्बमशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यातली गाणी आटोपशीर आहेत आणि ती बाजूच्या मापाची सवय कळत-नकळत लावतात. त्यानंतर मात्र लोक ‘द वॉल’कडे उडी मारतात, ती मारू नका. एक पाऊल मागे या आणि ‘मेडल’ची दुसरी बाजू ऐका. पियानोचा एकच उंच सूर, पाण्यात थेंब पडावा तसा, आणि त्यातून हळूहळू उभं राहणारं ‘एकोज’. १९७१ साली ते सापडलं म्हणून १९७३ चं जमलं. मग ‘विश यू वेअर हिअर’, मग ‘अ‍ॅनिमल्स’, मग ‘द वॉल’. ‘पायपर’ कधीही ऐका, पण वेगळ्या दिवशी, वेगळा बँड समजून. ‘द फायनल कट’, गिल्मरच्या नेतृत्वाखालचे १९८७ आणि १९९४ चे अल्बम, २०१४ चा ‘द एंडलेस रिव्हर’ हे सगळं नंतर.

‘विश यू वेअर हिअर’ला बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत सोडतात. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये गाणारा आठ मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो, म्हणून. त्या आठ मिनिटांत काय ऐकायचं ते सांगतो. अगदी सुरुवातीला एक काचेरी गुंजन आहे. ‘डार्क साइड’नंतर या लोकांनी घरातल्या वस्तूंवर, म्हणजे रबरबँड, बाटल्या, पेले यांवर एक अख्खा अल्बम करायचा घाट घातला होता. तो बारगळला. पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यावर येणारा सूर तेवढा इथे कामी आला. त्यावर राइटचे कीबोर्ड पसरतात, गिल्मरची गिटार येते, घाई न करता बोलते, थांबते. आणि चौथ्या मिनिटाच्या सुमारास गिटारवर चार सुटे स्वर वाजतात. फक्त चार. ते पुन्हा येतात, पुन्हा येतात, आणि मग कुठे ड्रम खाली उतरतात. हे चार स्वर कधी येतात याची वाट बघत बसा, म्हणजे आवाज कधी येतो याची वाट बघावी लागणार नाही.

‘बेस्ट ऑफ’नं काम भागत नाही

इतर बँडांच्या बाबतीत मी हे म्हणणार नाही. पण २००१ च्या ‘एकोज’ या संग्रहात तेवीस मिनिटांचं ‘एकोज’ कापून साडेसोळा मिनिटांवर आणलंय, ‘शाइन ऑन’लाही कात्री लागलीय, आणि वेगवेगळ्या दशकांतली गाणी एकमेकांना जोडलीत. जोडकाम सुबक आहे. ओळख असलेल्याला मजा येते, नवख्याला मात्र पुढे मूळ ऐकताना सारखं वाटत राहतं की इथे काहीतरी उगाच वाढवलंय. १९८१ च्या संग्रहात तर ‘मनी’ मूळचं नाहीच. हक्कांची परवानगी मिळाली नाही म्हणून गिल्मरनं ते जवळजवळ एकट्यानं पुन्हा वाजवून काढलं. संग्रहाचं नाव नाचण्याजोग्या गाण्यांचा संग्रह अशा अर्थाचं आहे, तो विनोद आहे.

पिंक कोण?

कुणीच नाही. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची पहिली नावं जोडून बॅरेटनं हे नाव केलं. हा प्रश्न विचारायला लाजू नका. ‘हॅव अ सिगार’ या गाण्यातला रेकॉर्ड कंपनीचा साहेब बँडलाच हे विचारतो. आणि ते गाणं ना वॉटर्सनं गायलंय ना गिल्मरनं. शेजारच्या स्टुडिओत काम करणाऱ्या रॉय हार्पर या गायकानं गायलंय.

इथे नवख्यांची सगळ्यात मोठी चूक येते. या गाण्यांत बोलणारा ‘मी’ अनेकदा बँडचा नसतो. ‘हॅव अ सिगार’ साहेबाच्या तोंडचं. ‘मनी’ पैशाला चटावलेल्याच्या तोंडचं. ‘द वॉल’ तर पूर्ण एका पात्राचा, ज्याचं नाव योगायोगानं नव्हे तर मुद्दाम पिंक ठेवलंय. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात मरतो, जसे वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत आंझिओला मारले गेले. आई पदराआड ठेवते, शाळामास्तर छळतात, लग्न मोडतं, तो एकेक वीट रचत स्वतःला कोंडून घेतो. शेवटी भ्रमात तो फॅसिस्ट पुढारी होतो आणि मंचावरून गर्दीतल्या अल्पसंख्याकांना वेचून भिंतीशी उभं करायला सांगतो. तेवढंच एक गाणं कुणीतरी पाठवतं आणि मग “हा बँड वर्णद्वेषी आहे का?” असा प्रश्न येतो. अख्खी चौथी बाजू ऐकली की त्याच माणसाचा खटला चाललेला दिसतो, आणि तो स्वतःच त्यात आरोपी आहे.

‘अनदर ब्रिक’चा दुसरा भागही असाच वेगळा काढला गेलाय. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा कोरस, निर्माता बॉब एझ्रिननं आग्रहानं घालायला लावलेला डिस्कोचा ठेका, १९७९ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. गाणं जबरदस्त आहेच. पण शिक्षणाविरुद्धचा जाहीरनामा म्हणून ते छातीवर छापून फिरायच्या आधी त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाणं ऐका. मुळात ती एक वीट आहे, शीर्षकातच सांगितलंय. या भिंतीची कल्पना सुचली ती जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या मैफलीत वॉटर्स समोरच्या एका चाहत्यावर थुंकला तेव्हा. आपण हे काय केलं, या धक्क्यातून.

दंतकथेच्या नादी कितपत लागायचं

सिड बॅरेटची गोष्ट चुकवता येत नाही. जून १९७५ मध्ये ‘विश यू वेअर हिअर’चं काम चालू असताना एक लठ्ठ, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस ॲबी रोडला आला, आणि जुन्या मित्रांना त्याला ओळखायला बराच वेळ लागला. ज्याच्या आठवणीत तो अल्बम चालला होता तोच तो. ही हकिकत खरी आहे आणि ऐकून पोटात तुटतं. पण तीच हकिकत सांगत राहिलं की बॅरेट म्हणजे फक्त एक शोकांतिका उरते. ‘पायपर’मधला खट्याळ, चित्रकाराच्या डोळ्यानं शब्द मांडणारा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा मग कुणी ऐकतच नाही.

वॉटर्स मोठा की गिल्मर, या भांडणात पहिल्या वर्षी पडू नका. १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला, नावावरून कोर्टकचेरी झाली, १९८७ च्या शेवटी मिटली. ‘कम्फर्टेब्ली नम’चं संगीत मुख्यतः गिल्मरचं आणि शब्द वॉटर्सचे, यावरून काय ते समजा. या भांडणात राइट मात्र विसरला जातो. ‘अस अँड देम’ची चाल त्याची. ‘द वॉल’च्या वेळी त्याला बँडमधून काढलं आणि मैफलींत पगारी वादक म्हणून वाजवायला ठेवलं. त्या खर्चिक मैफली तोट्यात गेल्या, त्यामुळे चौघांत कमाई झाली ती एकट्या राइटची.

‘डार्क साइड’ एका जुन्या हॉलिवूड चित्रपटाबरोबर लावला की जुळतो, ही चर्चाही तुमच्यापर्यंत येईल. बँडनं ते साफ नाकारलंय. एखादी संध्याकाळ घालवायला हरकत नाही, पण ती पहिल्यांदा ऐकायची संध्याकाळ नसावी. रिॲक्शन व्हिडिओंचंही तेच. दर तीस सेकंदांनी थांबवून कुणीतरी डोळे विस्फारतं, आणि तुमच्या वाट्याचं दचकणं तोच दचकून टाकतो. महागडा टर्नटेबल घ्यायचीही घाई नको. धड बसणारे साधे वायरचे हेडफोन पुरतात.

आणि एक सेटिंग राहिलंच: ऑटोप्ले. ‘एक्लिप्स’ संपलं की सुरुवातीचेच हृदयाचे ठोके परत येतात आणि त्यांच्यावर ॲबी रोडचा तो दारवान, जेरी ओ’ड्रिस्कॉल, चंद्राबद्दल एक वाक्य बोलतो. अगदी हळू. भाच्यानं हा अल्बम तीन आठवडे रोज ऐकला तरी त्याला ते माहीत नव्हतं, कारण ठोके विरायला लागले की ॲप भलत्याच कुणाचं तरी गाणं सुरू करायचं किंवा हाच पुढचं लावायला हात घालायचा. मी त्याला ऑटोप्ले बंद करून दिलं आणि म्हटलं, या वेळी आवाज थोडा वाढवलास तरी चालेल, आता घड्याळं नाहीत.